मूट अण्णा

आमच्या सोसायटीतले अण्णा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचा लाडका इंग्रजी शब्द 'मूट' मात्र अजून कामावर आहे. कुणी नुसतं म्हणावं, "अण्णा, तो मूट पॉइंट आहे," की तोंडाशी नेलेली बशी तिथेच थांबते. "कुठला मूट? लंडनचा की वॉशिंग्टनचा?" मग समोरच्याची लोकल चुकलीच म्हणून समजा.

लंडनच्या मूटमध्ये वाद अजून मिटायचा असतो. वॉशिंग्टनच्या मूटमध्ये वाद घालण्यात काही राम उरलेला नसतो. इथे १९७४ चा डीफ्युनिस खटला येणार म्हणजे येणारच. लॉ स्कूलने प्रवेश नाकारला म्हणून पोरगा कोर्टात गेला, खालच्या कोर्टाच्या हुकमाने वर्गात बसला आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निर्णय यायच्या वेळी शेवटच्या सत्रात होता. "आता निकाल देऊन उपयोग काय? मूट!" अण्णा स्वतःच न्यायमूर्ती होतात आणि चष्मा कपाळावर चढवतात.

नात लॉ कॉलेजात गेली आणि एके दिवशी म्हणाली, "आजोबा, शनिवारी माझं मूट आहे." म्हणजे लुटुपुटीचा खटला. अण्णा कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत! नंतर कॅन्टीनमध्ये तिच्या मैत्रिणींना सांगत बसले, की असल्या खटल्याच्या निकालाने कुणाचं काही अडत नाही, त्यावरूनच अमेरिकेत तो 'निरर्थक'वाला अर्थ निघाला. वडापाव अण्णांचे, त्यामुळे मुली उठल्या नाहीत.

घरी आल्यावरही तेच. "आणि जुन्या इंग्लंडात मूट म्हणजे चक्क सभा! आपली एजीएमसुद्धा मूटच." काकू आतून म्हणाल्या, "यांना म्यूट करायचं बटण कुठे मिळतं का बघा." बिल्डिंगमधल्या पोरांनी 'मूट'चं काय केलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या एजीएमचं इतिवृत्त अण्णांनी लिहिलं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगपुढे शेरा: 'विषय मूट'. निम्म्यांना वाटलं चर्चा पुढच्या सभेत, निम्म्यांना वाटलं विषय संपला. कंत्राटदाराला फोन कुणीच केला नाही. जुलैत वरच्या मजल्यावर बादल्या लागल्या, त्यातली सगळ्यात मोठी अण्णांच्याच देवघरात.

"गळतंय, हे तरी मूट नाही ना?" काकूंनी विचारलं.

"कुठल्या अर्थाने?" अण्णा.

तुमच्या सोसायटीत असे अण्णा असतील तर त्यांच्याकडे चहाला जरूर जा. इतिवृत्ताची वही तेवढी सेक्रेटरीच्या कपाटात कुलूप लावून ठेवा.