दहा टक्के सूर्य

सूर्याचे फोटो काढण्याचा छंद आहे असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "का?" चंद्राचे किंवा शनीच्या कड्यांचे फोटो काढणाऱ्याला हे कोणी विचारत नाही. आमच्या आईचं म्हणणं तर अगदी सरळ आहे : "तो रोज येतो. जायचाय कुठे?" त्यात हा उद्योग करायचा दिवसाढवळ्या, सोसायटीच्या गच्चीवर, लॅपटॉपचा पडदा दिसावा म्हणून डोक्यावरून काळं कापड घेऊन. रात्रीच्या मंडळींना अंधाराचा आडोसा तरी असतो.

फोटो म्हणायचं, पण तो एक फोटो नसतोच. दुर्बिणीच्या तोंडावर सौर फिल्टर लावायचा (तो घट्ट बसलाय ना, हे दर वेळी बघायचं, या छंदात थट्टेला जागा नाही अशी ही एकच गोष्ट, कारण डोळे पुन्हा मिळत नाहीत), मागे कॅमेरा जोडायचा आणि व्हिडिओ घ्यायचा. माझ्या कॅमेऱ्याची एक फ्रेम १९३६ बाय १२१६ पिक्सेलची. अशा २,००० फ्रेम घेतल्या की सुमारे ४.७ जीबीची फाइल तयार. मग सॉफ्टवेअर एकेक फ्रेम तपासतं, हवेने त्यातल्या त्यात कमी बिघडवलेल्या निवडतं आणि एकमेकींवर नेमक्या बसवून त्यांची सरासरी काढतं. यालाच स्टॅकिंग म्हणतात. दहा टक्के ठेवायच्या, नव्वद टक्के फेकायच्या. हवा क्षणभर शांत राहून चांगली फ्रेम मिळण्याची शक्यता किती, याचं गणित डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ साली मांडलं आणि त्या शोधनिबंधाच्या नावातच 'लकी' हा शब्द घातला. आपल्याकडे नशिबाचं गणित मांडणारे गल्लोगल्ली आहेत, पण ते नव्वद टक्के वाया जाणार हे आधी सांगत नाहीत.

निवड कुठल्या सॉफ्टवेअरवर सोपवायची, यावरून मात्र सूर्यवाल्यांत कडवे तट आहेत.

यातली सगळ्यात गाजलेली दोन नावं म्हणजे रजिस्टॅक्स आणि ऑटोस्टॅकर्ट. पहिलं कोर बेरेव्हूट्स यांचं, दुसरं एमिल क्रायकाम्प यांचं. दोघेही डच आणि दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. जिथे सूर्य ढगांची परवानगी काढून दर्शन देतो, त्या देशातल्या माणसांनी त्याची एकेक झलक जपायची साधनं लिहिली. आपल्याकडे वर्षातले आठ महिने लख्ख ऊन. आपण त्यात कुरडया वाळवल्या.

ऑटोस्टॅकर्टच्या नावापुढे अधिकृत उद्गारचिन्ह आहे. बटणांवर १, २, ३ असे आकडे आहेत : फाइल उघडा, तपासा, रचा. कोणालाही वाटावं, झालं की! पण मध्येच ते विचारतं, 'प्लॅनेट' की 'सरफेस'? ग्रह काळ्या आकाशात सुटा दिसतो, त्यामुळे त्याचा मध्य धरून फ्रेम जुळवता येतात. सूर्याच्या जवळून घेतलेल्या चित्रात काठच नसतो, सगळीकडे सूर्यच सूर्य. तिथे 'सरफेस' निवडून एखादा डाग पकडून ठेवावा लागतो. तपासणी झाली की आलेख येतो. करडी रेघ म्हणजे फ्रेम जशा आल्या तशी त्यांची प्रत. ती वेड्यासारखी वरखाली उड्या मारते. हिरवी रेघ म्हणजे त्याच फ्रेम चांगल्याकडून वाईटाकडे लावलेल्या. ती कायम उतरतीच असते, पण किती लवकर उतरते यावर सकाळचा मूड ठरतो.

आणि मग टक्क्यांचे चार खण. पाच, दहा, वीस, चाळीस असे आकडे भरले की चार वेगवेगळी चित्रं एका दमात मिळतात. ज्याने हे खण ठेवले त्याला निर्णय न घेणाऱ्या माणसांची चांगली माहिती असणार. कमी फ्रेम घेतल्या तर तपशील धारदार पण चित्र खरखरीत, जास्त घेतल्या तर गुळगुळीत पण मऊ. खरखर निम्मी करायची तर फ्रेम चौपट लागतात. मी चारही चित्रं शेजारीशेजारी ठेवून तासभर डोळे फोडतो. बायको मागून जाता जाता म्हणते, "चारही सारखीच आहेत," आणि ते बऱ्याचदा खरंही असतं.

रचलेलं चित्र सुरुवातीला अगदी मरगळलेलं असतं. त्याला धार काढण्यासाठी रजिस्टॅक्सचे सहा वेव्हलेट स्लायडर. सहावी आवृत्ती २०११ची. मोठ्या फायली दिल्या की ती जागच्या जागी बसते, खिडकी पांढरी होते आणि आपण चहा टाकायला उठतो. तरीही लोक तिला सोडत नाहीत, कारण पहिला स्लायडर हळूच सरकवला की करड्या धुक्यातून सूर्यपृष्ठावरचे कण वर यायला लागतात. 'कण' म्हणजे प्रत्येकी साधारण हजार किलोमीटरचा, खालून उसळून येणारा तप्त वायू, आयुष्य काही मिनिटांचं. म्हणून व्हिडिओही फार लांबवता येत नाही. तेवढ्यात नक्षी बदलते. ते कण दिसले की हात थांबत नाही. आणखी थोडं, आणखी थोडं करत सूर्याचा फणस होतो.

या मोहाला उतारा म्हणून मी हल्ली इमपीपीजी वापरतो. फिलिप श्चेरेक या पोलिश प्रोग्रामरचं हे काम. यात रिचर्डसन (१९७२) आणि ल्युसी (१९७४) यांनी स्वतंत्रपणे शोधलेली पद्धत आहे : चित्र किती पसरलं असावं याचा अंदाज द्यायचा, आणि ती फेऱ्याफेऱ्यांनी ते पसरणं उलटं फिरवत जाते. सूर्यावर ही धार फार नैसर्गिक दिसते. गंमत म्हणजे इमपीपीजी स्टॅकिंग करतच नाही, तरी 'ऑटोस्टॅकर्ट भारी की इमपीपीजी' यावर चहाचे तीन कप थंड होऊ शकतात. लिनक्सवाला मित्र मध्येच रोल्फ हेंपेल यांच्या प्लॅनेटरी सिस्टिम स्टॅकरचं नाव काढतो. ते पायथनमध्ये लिहिलेलं, सगळ्यांसाठी खुलं, चांगलंही आहे, पण तो ज्या स्वरात सांगतो त्यामुळे कोणी वापरून बघत नाही. माझं मत विचाराल तर ऑटोस्टॅकर्टमध्ये रचा, इमपीपीजीत धार काढा, आणि रजिस्टॅक्स जुन्या ओळखीखातर लॅपटॉपवर राहू द्या.

खरा वैरी वेगळाच असतो. ऊन चढलं की गच्चीचा कोबा तापतो, हवा उकळायला लागते आणि सौरडागाच्या कडा थरथरतात. हिरवी रेघ मग कोसळतेच, सॉफ्टवेअर कुठलंही असो. उदयपूरची सौर वेधशाळा याच कारणासाठी फतेहसागर तलावाच्या मधोमध बांधली आहे. पाण्यामुळे हवा शांत राहते. पुण्यातल्याच आयुका या खगोलसंस्थेने बनवलेली 'सूट' ही दुर्बीण तर आदित्य-एल१ या यानाबरोबर पंधरा लाख किलोमीटर लांब जाऊन बसली. तिथे हवाच नाही. आमच्या गच्चीवर तलावाच्या जागी पाण्याच्या दोन काळ्या टाक्या आहेत, आणि त्या स्वतःच तापतात. म्हणून सकाळचा पहिला दीड-दोन तासच आमचा. एप्रिलात नेमका तोच वेळ वाळवणाचा.

"अरे, तुझी ती नळी जरा सरकव. सावली पडतेय," वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात. त्यांनी धुतलेल्या साडीवर कुरडयांच्या रांगा घातलेल्या असतात. एकदा मी त्यांना पडद्यावर ताजा डाग दाखवला. सूर्य करडा बघून त्या नाराज झाल्या. मी दोन बटणं दाबून तो नारिंगी केला. सूर्य खरा पांढरा, पण नारिंगी केल्याशिवाय तो कोणाला पटत नाही. मग पुढचा प्रश्न.

"हा डाग केवढा?"

"आपली अख्खी पृथ्वी मावेल एवढा."

"अगो बाई! मग ऊन कमी पडणार का यंदा?"

मी सांगितलं, उलट आहे. डागांभोवतीचे उजळ भाग डागांची भरपाई करून वर उरतात, त्यामुळे डाग भरपूर असतात त्या काळात सूर्य किंचित, म्हणजे ०.१ टक्का, जास्तच तळपतो. काकूंनी त्याच दुपारी आणखी दोन किलो गहू भिजत घातले.