प्रसूतिव्ययनिर्णय
अर्थात् विमाविरहित दांपत्यांस काही शास्त्रोक्त सूचना

मनुष्य जन्मास येतो ही गोष्ट गृहस्थाश्रमाइतकीच पुरातन आहे. परंतु त्या जन्मास पैसे पडतात हे ज्ञान मात्र प्रत्येक पिढीस नव्याने, आणि तेही बहुधा सातव्या महिन्यानंतरच, प्राप्त होते. विवाहाच्या खर्चाचा अंदाज वर्षभर आधी वहीत मांडणारी, कार्यालयाच्या आगाऊ रकमेवरून व्यवस्थापकाशी तासभर हुज्जत घालणारी चतुर माणसे बाळंतपणाचा विषय निघताच ‘होईल काहीतरी’ या चार्वाकी तत्त्वज्ञानाचा आश्रय घेतात. अशा दांपत्यांच्या उपयोगासाठी हा निर्णय सिद्ध केला आहे. ज्यांचा पगार २१,००० रुपयांच्या वर गेल्याने कर्मचारी राज्य विम्याने ज्यांना श्रीमंतांत जमा केले आहे, ज्यांच्या कचेरीत दहापेक्षा कमी माणसे असल्यामुळे प्रसूती लाभाचा कायदा ज्यांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन परत फिरतो, आणि ज्यांच्या कपाटात आरोग्यविम्याचे कागद असूनही ते या कामी निरुपयोगी आहेत, अशा मध्यमवर्गीयांनी पुढील कलमे क्रमाने वाचावी आणि शक्य तितकी अमलात आणावी.

कलम पहिले : विमापत्राचे वाचन

विमापत्र घेताना वाचावयाचे नसते, लागेल तेव्हा वाचावयाचे असते, असा सर्वत्र प्रघात आहे. सबब दांपत्याने डॉक्टरांकडून शुभवार्ता ऐकून घरी आल्यावरच ते प्रथम उघडावे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली वगळणुकींची जी एकसाची यादी घालून दिली, तिचे मनन येथे अत्यंत उद्बोधक ठरते. हौसेची विश्रांती, लठ्ठपणावरील उपचार, सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया, साहसी खेळातील दुखापत, गुन्हेगारी हेतूने केलेला कायदेभंग, मद्यपान आणि निसर्गोपचाराच्या आश्रमातील मुक्काम या मंडळींच्या पंगतीस, अठराव्या पाटावर, मातृत्वास बसविलेले आहे. सतराव्या पाटावर वंध्यत्वाचे उपचार आहेत. म्हणजे मूल होत नसल्यास तो खर्च सतराव्या कलमाने नाकारावा आणि झाल्यास अठराव्याने, इतकी निर्दोष तर्कशुद्धता आपल्या न्यायदर्शनातही क्वचितच आढळेल. अठराव्या कलमास एक ठळक अपवाद आहे: गर्भ गर्भाशयाच्या बाहेर रुजल्यास उपचाराचा खर्च मिळतो. गर्भाने नेमून दिलेल्या जागी राहण्याची शिस्त पाळली, की कंपनीचे उत्तरदायित्व संपते.

प्रसूतीची तरतूद असलेली विमापत्रे बाजारात नाहीत असे नव्हे. परंतु त्यांना प्रतीक्षाकाल असतो. तो कोठे नऊ महिन्यांचा, कोठे दोन वर्षांचा, तर कोठे त्याहूनही अधिक असतो. शिवाय देय रकमेस वेगळी मर्यादा असते, जी रुग्णालयाचे देयक पाहून खजील व्हावी इतकी असते. गर्भ राहिल्यानंतर घेतलेले विमापत्र त्या बाळंतपणास लागू होत नाही. कंपनीची अपेक्षा एवढीच की नवविवाहितांनी प्रथम विमापत्रातील मुदतीचे पंचांग पाहावे आणि मग एकमेकांकडे पाहावे.

कलम दुसरे : माहेराची तजवीज

विमा कंपन्या अस्तित्वात येण्यापूर्वी कित्येक शतके आपल्या समाजात प्रसूतिखर्चाची एक परिपूर्ण योजना चालू होती आणि अद्यापि आहे. पहिले बाळंतपण माहेरी, हे तिचे मुख्य कलम. या योजनेस प्रतीक्षाकाल नाही, मर्यादा नाही, आणि जावयाच्या दृष्टीने ती संपूर्णपणे ‘कॅशलेस’ आहे. हप्ते मात्र सासऱ्याने लग्नाच्या बोलणीपासूनच भरलेले असतात. सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीस माहेरी न्यावे, तिच्या आईने डिंकाचे आणि अळिवाचे लाडू वळावे, तेलमालिशास व बाळाला न्हाऊ घालण्यास बाई लावावी, शेकशेगडीची व्यवस्था करावी, आणि जावयाने आठवड्यातून एकदा येऊन ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणावे, असा या योजनेतील कामाचा वाटा ठरलेला आहे. त्या वाक्यास उत्तर अपेक्षित नसते, हे दोन्ही पक्ष जाणून असतात.

आधुनिक काळी या योजनेत काही अडचणी उद्भवल्या आहेत. पूर्वी सासरे निवृत्त होत तेव्हा त्यांच्यामागे पेन्शन उभे असे; आता बहुधा त्यांच्यामागे धाकट्या मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणाचे कर्ज उभे असते. सासूबाई स्वतः नोकरीत असतात आणि त्यांची अर्जित रजा मोठ्या मुलीच्या वेळीच संपलेली असते. तरीही डोंबिवलीच्या दोन खोल्यांतील माहेर पुण्याच्या तीन खोल्यांतील सासरपेक्षा अधिक ऐसपैस असते, असे ज्येष्ठांचे मत आहे, आणि ते जागेविषयी नसून पैशाविषयी आहे हे विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावे.

कलम तिसरे : डोहाळजेवण

खर्चाच्या प्राधान्यक्रमात डोहाळजेवणास अग्रस्थान द्यावे. कारण उघड आहे: सभागृहवाला आगाऊ रक्कम मागतो, रुग्णालय ती अद्याप मागत नाही, आणि जो प्रथम मागतो त्याला प्रथम द्यावे हा जमाखर्चाचा सनातन नियम आहे. फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, थर्माकोलची चंद्रकोर, दीडशे पाने आणि तळ्याकाठी गर्भवतीस हवेत कापड उडवीत उभे करणारा छायाचित्रकार, एवढा सरंजाम झाल्यावर बचतखात्यात जे उरते त्यास ‘बाळंतपणासाठी राखून ठेवलेली रक्कम’ असे संबोधावे. झाकल्या वाट्यांतून पेढा की बर्फी काढण्याचा खेळही अवश्य ठेवावा. गर्भलिंगनिदानास १९९४ च्या कायद्याने बंदी केली असली, तरी तो कायदा आत्याबाईंच्या वाट्यांना लागू नाही.

याच्या उलट, लग्नाच्या महिन्यापासूनच बँकेत एक आवर्ती ठेव उघडावी आणि तिच्याकडे पाहू नये, असा एक रुक्ष उपाय काही अरसिक माणसे सुचवितात. तो गुणकारी आहे. पण त्याची छायाचित्रे चांगली येत नाहीत.

कलम चौथे : रुग्णालयाची निवड आणि ‘पॅकेज’चे भाष्य

खासगी प्रसूतिगृहाच्या खिडकीशी उभे राहिल्यावर पहिला प्रश्न येतो तो प्रकृतीविषयी नसून खोलीविषयी असतो. ‘जनरल, ट्विन शेअरिंग, की डिलक्स?’ असे बाई मान वर न करता विचारतात आणि पती, मागे सासरे उभे असल्यामुळे, ‘डिलक्स’ असे म्हणतो. हा एक शब्द किती महागात पडतो याची त्यास कल्पना नसते. खोलीचा दर्जा वाढला की खोलीभाडेच वाढते असे नव्हे, तर बहुतेक मोठ्या रुग्णालयांत त्याच प्रमाणात शस्त्रक्रियागृहाचे, डॉक्टरांच्या भेटीचे, भूलतज्ज्ञाचे आणि परिचारिकेचे दरही वाढतात. जणू वातानुकूलित खोलीतील वेदना अधिक उच्च प्रतीची असून तिच्या निवारणास अधिक विद्वत्ता लागते.

‘पॅकेज’ या संज्ञेचे भाष्य करताना तिच्यात काय येते यापेक्षा काय येत नाही हे पाहावे. औषधे येत नाहीत, रक्त येत नाही, हातमोजे आणि कापूस बहुधा येत नाहीत. बालरोगतज्ज्ञ जन्मसमयी उपस्थित राहतो तो वेगळा, काचेची पेटी लागली तर तिचा दर दिवसाचा, आणि दिवस रात्री बारा वाजता बदलतो. जन्मलेल्या जीवास नाव ठेवण्यापूर्वी स्वतंत्र फाइल मिळते. त्या फाइलवर ‘बेबी ऑफ’ असे लिहून पुढे आईचे नाव असते, आणि बारशाच्या आधी बाळाच्या नावे निघणारा पहिला दस्तऐवज म्हणजे त्याचे स्वतःचे देयक होय. ज्या देशात वारसाहक्काने कर्ज मिळते तेथे इतका स्वावलंबी आरंभ कौतुकास्पदच म्हणावा.

‘नॉर्मल’चे आणि ‘सिझर’चे दर निराळे असून, मोठ्या शहरांत दुसऱ्याचा आकडा लाखाच्या घरात सहज जातो. कोणते करावयाचे हे दैवाधीन आहे; मात्र दैवास जिन्यांची पारख दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार भारतातील खासगी संस्थांत झालेल्या प्रसूतींपैकी ४७.४ टक्के शस्त्रक्रियेने झाल्या, आणि सरकारी संस्थांत हेच प्रमाण १४.३ टक्के होते. यावरून सरकारी दवाखान्यात निमूटपणे खाली डोके करून येणारा गर्भ खासगी जिना चढताच आडवा होतो, असा सिद्धांत मांडण्यास प्रत्यवाय दिसत नाही. दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधन महाराष्ट्राच्या शुश्रूषागृहविषयक नियमांत २०२१ सालच्या सुधारणेने घातले आहे. ते शोधावे. पाण्याच्या यंत्रामागे, कुंडीतील रबराच्या झाडाआड, चिकाटीने पाहणाऱ्यास ते आढळू शकते. आणि आढळल्यावर त्याचे छायाचित्र काढणाऱ्या गृहस्थाशी खिडकीवरील बाई एकाएकी अदबीने बोलू लागतात.

कलम पाचवे : जो मार्ग टाळावा

संपूर्णतेसाठी एका अप्रतिष्ठित मार्गाचा उल्लेख करणे भाग आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ रोजी सुरू झाला. त्यान्वये सरकारी संस्थेत प्रसूती, शस्त्रक्रियेची असली तरीही, विनामूल्य आहे. औषधे, तपासण्या आणि रक्त विनामूल्य आहे. साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस व शस्त्रक्रियेनंतर सात दिवस बाळंतिणीस जेवण आहे. आणणारी व घरी पोहोचविणारी गाडी आहे. आजारी नवजाताचे उपचारही आहेत. त्यास उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही. दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी करण्याची योजना २०१६ पासून आहे. महाराष्ट्र शासनाने तर १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार सर्वांसच निःशुल्क केले.

एवढे असूनही मध्यमवर्गाने तिकडे जाऊ नये, याची कारणे सबळ आहेत. तेथे केसपेपरसाठी सकाळी रांग लावावी लागते. एका खाटेवर कधीकधी दोन बाळंतिणी असतात. परिचारिका ‘अहो मॅडम’ न म्हणता ‘ए बाई, पाय वर घे’ असे म्हणते. आणि शेजारच्या खाटेवर आपल्याच घरी धुणेभांडी करणारी बाई दिसण्याचा संभव असतो. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी सुधारता येण्याजोग्या आहेत, आणि चांगली पत्रे लिहिणारा, आमदारास दूरध्वनी करणारा वर्ग त्या रांगेत उभा राहिला असता तर कदाचित सुधारल्याही असत्या. चौथी गोष्ट मात्र असाध्य असल्यामुळे तो वर्ग कर भरून ते रुग्णालय चालवितो आणि कर्ज काढून दुसरीकडे जातो. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भार बव्हंशी सरकारने उचलावा असे म्हटले होते. सरकारने तो अंशतः उचलला. आपण तो प्रतिष्ठेखातर परत मागून घेतला.

अनुदानाचा मोह ज्यांस आवरत नाही त्यांनी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे गणित अभ्यासावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मातेस किमान ६,००० रुपये देण्याचे वचन दिले. योजनेने पहिल्या अपत्यासाठी ५,००० ठरविले. आणि उरलेल्या हजाराची भरपाई जननी सुरक्षा योजनेच्या रकमेतून ‘सरासरीने’ होते असे सांगितले. ज्या मातेस ती दुसरी रक्कम मिळत नाही तिने सरासरीवर समाधान मानावे.

कलम सहावे : शिल्लक खड्ड्याचे भरण

एवढे सर्व करूनही देयक व खिसा यांत जे अंतर राहते ते भरण्यास पाटल्या, भिशी आणि पतपेढी हे तीन उपाय परंपरेने मान्य आहेत. पाटल्या तारण ठेवताना ‘लॉकरमध्ये ठेवल्या’ असे सासूबाईंस सांगावे. ते असत्य नव्हे, लॉकर दुसऱ्याचे असते इतकेच. भिशीचा पहिला नंबर ज्यांना हवा असतो त्यांना तो लागत नाही. पतपेढीच्या कर्जअर्जात ‘कारण’ या रकान्यापुढे ‘आकस्मिक वैद्यकीय खर्च’ असे लिहावे. जी घटना पूर्वनियोजित आहे म्हणून विमा कंपनीने नाकारली, तीच पतपेढीच्या दप्तरी आकस्मिक ठरते. नऊ महिन्यांची पूर्वसूचना देऊन येणाऱ्या आकस्मिक प्रसंगाचे दुसरे उदाहरण शोधावयाचे झाल्यास महापालिकेकडे जावे. तेथे पावसाळा असतो.

कलम सातवे : भविष्याची तरतूद

बारसे आटोपताच दांपत्याने प्रसूतीची तरतूद असलेले विमापत्र विनाविलंब घ्यावे, आणि ते दुसऱ्या खेपेस उपयोगी पडावे म्हणून प्रतीक्षाकाल निष्ठेने कंठावा. हा काल संपतो त्या सुमारास पहिले अपत्य बालवर्गात जाते, शाळेच्या प्रवेशशुल्काची पावती हाती पडते, आणि दोघांचे एकाच संध्याकाळी एकमत होते की एक पुरे. विमापत्र मात्र मोडू नये; हप्ते भरीत राहावे. अपत्य मुलगा असल्यास त्याच्या लग्नाच्या वेळी उपयोगी पडेल अशा एखाद्या मायाळू व्याह्याचा शोध सवडीने सुरू करावा. मुलगी असल्यास कलम दुसरे पुन्हा एकदा, या खेपेस सासऱ्याच्या बाजूने, सावकाश वाचून काढावे.