पेटंटदाव्यांची अंकलिपी

धंदा काढायचा म्हटलं की जागा आली, यंत्रं आली, कामगार आले, उधारी आली. अमेरिकेत एक धंदा असाही आहे ज्यात यातलं काहीच लागत नाही. एक पेटंट, एक वकील आणि टपालखर्च, बस्स. नवशिक्यांनी पथ्य एकच पाळावं: स्वतः काहीही बनवायचं नाही. फोन बनवणाऱ्या दोन कंपन्या भांडल्या की एक दावा ठोकते, दुसरी स्वतःची पेटंटं काढून उलटा दावा ठोकते आणि शेवटी दोघी एकमेकींना परवाने देऊन मोकळ्या होतात. तुम्ही काही बनवतच नसाल, तर समोरचा उलटा दावा कशावर ठोकणार?

शोधही लावायचा नाही. तो कोणीतरी लावलेला असतोच. आपण आयत्या बिळावर नागोबा. दिवाळं निघालेल्या कंपनीच्या टेबल-खुर्च्यांसोबत पेटंटंही विकायला निघतात. ओपन मार्केट या कंपनीची १९९०च्या दशकातली पेटंटं अशीच फिरत फिरत एका दिवाळखोरीतून सोव्हेरेन नावाच्या कंपनीच्या हाती लागली. त्यात इंटरनेटवरच्या दुकानांची ‘शॉपिंग कार्ट’ होती. पेटंटाची मुदत अर्जापासून २० वर्षं. तेव्हा जरा जुनं पाहून घ्यावं, म्हणजे तोवर अख्खा बाजार नकळत त्यात शिरलेला असतो. भाषा मोघम असेल तर सोन्याहून पिवळं.

आता नोटीस. तिचा वस्तुपाठ एमपीएचजे या कंपनीने घालून दिला. कागद स्कॅन करून थेट ईमेलने पाठवण्याच्या पद्धतीवर आपलं पेटंट आहे, असं सांगत तिने यंत्र बनवणाऱ्यांना सोडून ते वापरणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना गाठलं. १६,४६५ जणांना पत्रं गेली. मागणी दर कर्मचाऱ्यामागे साधारण १,००० डॉलर. पत्र पाठवणाऱ्या उपकंपन्यांची नावं कोणी कधी ऐकलेली नव्हती. उत्तर आलं नाही की दुसरं पत्र, मग तिसरं, सोबत कोर्टात घालायच्या दाव्याचा तयार मसुदा. तो दावा मात्र घातलाच नाही. २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने खोट्या धमक्या देऊ नका, एवढ्या अटीवर प्रकरण मिटवलं.

किती मागायचे, ही यातली खरी मेख. पेटंटचा खटला शेवटपर्यंत लढवायचा तर वकिलांवर लाखो डॉलर जातात, आणि अमेरिकेत जिंकलात तरी तो खर्च सहसा समोरच्याकडून मिळत नाही. म्हणून आकडा असा टाका की लढण्यापेक्षा देणं स्वस्त पडावं. पेटंट टिकेल की नाही, हा प्रश्न मग निघतच नाही. इंजिनिअर कितीही तणतणला तरी चेक हिशेबनीस लिहितो.

दावा कुठे घालायचा? टेक्सासमधल्या मार्शल या गावात. वस्ती २०-२५ हजारांची, पण २०१५ मध्ये देशभरातल्या पेटंट दाव्यांपैकी पाव हिश्शाहून जास्त दावे तिथल्या एकट्या न्यायाधीश रॉडनी गिलस्ट्रॅप यांच्यापुढे आले. कोर्टाशेजारच्या इमारतीत खोली भाड्याने घ्या, दारावर पाटी लावा, कुलूप घाला. झालं कार्यालय. आत कोणी बसायला नको. शेजारच्या पाट्यांमागेही कोणी नसतं. प्रतिवादींनाही गावाची मर्जी सांभाळावी लागे. सॅमसंगने कोर्टासमोरच आइस स्केटिंगच्या रिंगणाला पैसे दिले, म्हणजे उद्याच्या ज्युरीची पोरं कंपनीच्या नावासमोर बर्फावर घसरायला मोकळी. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने टीसी हार्टलँड निकालात हे गावनिवडीचं सुख बरंच आखडलं: प्रतिवादीचं तिथे ठाण असेल तरच तिथे दावा. पुढे २०१९ मध्ये ॲपलने मार्शलच्या कोर्टाच्या हद्दीतली आपली दोन्ही दुकानं बंद केली आणि लगोलग डॅलसमध्ये, हद्दीबाहेर, नवं उघडलं.

आदर्श म्हणून भिंतीवर तसबीर लावायची तर एनटीपी या कंपनीची. तिने बिनतारी ईमेलच्या पेटंटांवरून ब्लॅकबेरी फोनच्या कंपनीवर दावा घातला. ब्लॅकबेरी बंद पडेल या भीतीने अमेरिकन सरकारसुद्धा आमचे फोन तेवढे चालू ठेवा म्हणत कोर्टात आलं. तिकडे पेटंट ऑफिस एनटीपीचे हक्क फेरतपासणीत नाकारत होतं. पण सेवा बंद पडण्याची टांगती तलवार मोठी, म्हणून मार्च २००६ मध्ये कंपनीने ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजले. थट्टा क्षणभर बाजूला ठेवायची तर, या पेटंटांमागचे थॉमस कॅम्पाना हे खरेखुरे इंजिनिअर होते, बिनतारी ईमेलवर त्यांनी खरंच काम केलं होतं. पैसे यायच्या आधीच, २००४ मध्ये, ते वारले. एनटीपीला पैसे मिळाल्यावर दोनच महिन्यांनी ईबे खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पेटंट मोडलं म्हणून मनाईहुकूम आपोआप मिळणार नाही. मुहूर्त साधणं म्हणजे काय, ते एनटीपीकडून शिकावं.

शेवटी हट्टी गिऱ्हाईक. सोव्हेरेनला २००५ मध्ये ॲमेझॉनने तडजोडीत ४ कोटी डॉलर दिले होते. मग गाठ पडली न्यूएग या ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीशी. असल्या दाव्यांत तडजोड करायचीच नाही, हे तिचं धोरण. ती ज्युरीपुढे २५ लाख डॉलरना हरली, तरी अपिलात गेली, आणि १९८०च्या दशकातल्या कॉम्प्युसर्व्हच्या ऑनलाइन बाजाराचा दाखला देऊन २०१३ मध्ये तिने शॉपिंग कार्टची ती पेटंटंच रद्दबातल ठरवून घेतली. तडजोडीत आलेला पैसा सहसा परत करावा लागत नाही. तेव्हा यादी करताना क्रम नीट लावा: देणारे आधी, भांडणारे सगळ्यात शेवटी.