शेर्मन पाचवा, पॅटन दहावा! हे नगरात चालू द्यायचं?

ऐकलंत का? सावेडीतल्या एका घरी परवा सत्यनारायण होता. चौथा अध्याय चालला होता, साधुवाण्याची नौका बुडायच्या बेताला आली होती, आणि आतल्या खोलीतून आरोळी आली, "मागनं घाल, मागनं! मागं पत्रा पातळ असतो त्याचा!" गुरुजी थांबले. यजमानांना पाटावरून उठता येईना, तेव्हा ते बसल्या बसल्या लाल झाले. काकू तरातरा आत गेल्या. पाहतात तर दोन पोरं, शेजारचा एक, आणि जावई. हो, जावई! चाळिशीचा, बँकेत अधिकारी, हातात तो दोन शिंगांचा रिमोट घेऊन मांडी ठोकून बसलेला. जावयाला बोलायची सोय नाही. काकूंनी पोरांच्या पाठीत धपाटे घातले आणि प्रसादाला मात्र आधी जावयालाच हाक मारली.

तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही. (गाव कागदावर अहिल्यानगर झालं, कट्ट्यावर अजून नगरच आहे.) कुणाच्या मुलानं क्लासच्या फीतून काय आणलं, कुणाच्या सुनेनं हप्त्यावर काय घेतलं, सगळी माहिती भाजीच्या गाडीपाशी मिळते.

बरं, किंमत ऐकायची असेल तर आधी खाली बसा. प्लेस्टेशन ५ हा टीव्हीवर गेम खेळायचा डबा भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तो ४९,९९० रुपयांना. त्याआधी जानेवारीत आगाऊ नोंदणी उघडली, तर काही मिनिटांत माल संपला! वर तेव्हा एकेक नवा गेम ४,९९९ रुपयांचा. आपल्या जिल्ह्याच्या चलनात सांगते. २०२४-२५ च्या हंगामाला उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान भाव, टनाला ३,४०० रुपये होती. म्हणजे एक गेम दीड टन ऊस, आणि डबा पंधरा टन. तोडणी-वाहतूक वेगळी. राहुरीकडचे एक बागाईतदार परवा हळहळत होते, "आडसाली ऊस अठरा महिने पाणी पाजून वाढवावा, आणि पोरानं तो एका रविवारात संपवून विचारावं, पप्पा, आता दुसरा?"

या डब्यावरचे नेहमीचे आरोप सगळ्यांना तोंडपाठ आहेत. डोळे जातात, मार्क जातात, पोरं मारामारी शिकतात. हेच आरोप आजोबांनी सिनेमावर केले होते आणि वडिलांनी व्हीसीआरवर. त्यात नवं ते काय? खरा गहजब व्हायला हवा तो भलत्याच गोष्टीवर, आणि ती गोष्ट मला कळली कुठं, तर रणगाड्यांच्या म्युझियममध्ये.

आपलं म्युझियम १९९४ सालचं, आर्मर्ड कोअरच्या हद्दीतलं. पाहुणे आले की शिर्डी, शिंगणापूर आणि मग रणगाडे, हा नगरकरांचा ठरलेला क्रम. माटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, शेर्मन, पाकिस्तानकडून हिसकावून आणलेला पॅटन, सगळे तिथं उन्हात ओळीनं उभे आहेत. आमचा सातवीतला भाचा शेर्मनपाशी क्षणभर थांबला आणि म्हणाला, "टियर फाइव्ह. चालू आहे." पुढं पॅटनसमोर मात्र दोन पावलं मागं सरला. "टियर टेन! खतरनाक माल आहे." शेजारी त्याचे आजोबा उभे. भिंगारचे, सारी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये रणगाड्यांच्या ग्रीसमध्ये गेलेली. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि फक्त एवढंच विचारलं, "कोण म्हणतो?"

म्हणतो कोण, तर वर्ल्ड ऑफ टँक्स. बेलारूसमधल्या मिन्स्कला सुरू झालेल्या वॉरगेमिंग कंपनीचा गेम. २०१४ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आला, २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ वर. फुकट आहे, आणि फुकट म्हटल्यावर आपण आधी खिसा चाचपायचा असतो, कारण आत गेल्यावर रोख पैशानं घ्यायचे रणगाडे आहेतच. त्यात जगातले रणगाडे दहा पायऱ्यांवर, म्हणजे टियरवर, मांडलेत. शेर्मन पाचवीवर, सेंच्युरियन आठवी-नववीवर, आणि पॅटन एम-४८ थेट दहावीवर.

आता आठवा सप्टेंबर १९६५. खेमकरणजवळचं असल उत्तर. पाकिस्तानचे पॅटन चालून आले तेव्हा समोर कोण होतं? आपले सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शेर्मन आणि हलके एएमएक्स. कालवा फोडून शेतात पाणी सोडलेलं, रणगाडे उभ्या उसात दडवलेले. पॅटन चिखलात रुतले आणि उसातून गोळे सुटले. पाकिस्तानचे शंभराच्या आसपास रणगाडे तिथं गेले. पकडलेले आणि मोडके पॅटन भिखीविंडजवळ गोळा करून ठेवले, त्या जागेला पॅटन नगर म्हणू लागले. अब्दुल हमीद यांनी तर जीपवरच्या तोफेनं पॅटन फोडले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं. जीप! तिला गेमच्या दहा पायऱ्यांत उंबरठ्यावरही जागा नाही.

खरी गंमत पुढंच आहे. गेमचा नियम असा, की लढाईत फार तर दोन पायऱ्यांचा फरक चालतो. पाचव्याची गाठ सातव्यापर्यंत. म्हणजे शेर्मन आणि पॅटन समोरासमोर येऊच शकत नाहीत. गेमवाल्यांना विचारलं असतं, तर असल उत्तरची लढाई झालीच नसती! बरोबरीची नाही म्हणून रद्द.

भाचा वकिली थोडीच सोडणार? "आजोबा, सेंच्युरियनचं ॲक्शन एक्स आहे ना दहावीवर!" आजोबा म्हणाले, "ते प्रयोगातच राहिलं. आपल्याकडं कधी आलं होतं?" पोरगं गप्प. मग त्यानं पॅटनच्या पुढच्या पत्र्यावर तळहात तिरका धरला आणि सांगायला लागला, की गोळा असा सरळ आला तर जाडी एवढी, पण पत्रा कलता असला की गोळ्याला तिरकं कापत जावं लागतं, म्हणजे तोच पत्रा दुप्पट जाड, आणि कोन फारच तिरका असला तर गोळा सटकूनच जातो. आता गप्प व्हायची पाळी आजोबांची. कारण शब्दन् शब्द बरोबर होता, आणि तो शाळेत कुणी शिकवला नव्हता. वर म्हणतो कसा, झुडपाआड थांबलं तर शत्रूला दिसत नाही, पण झुडपाला अगदी चिकटून तोफ डागली की आपण उघडे पडतो. पंधरा मीटर मागं राहून डागायची. आजोबांनी एकच शेरा मारला, "उसाचं त्यांना कळलंय. पाण्याचं नाही." खरंच आहे. गेममध्ये चिखलात वेग मंदावतो, पण गाळात बसलेला पॅटन काही दिसायचा नाही. शिवाय प्रत्येक रणगाड्याला जीव मोजायचा आकडा. हजारातला एक उरला तरी गडी नव्यासारखा पळतो आणि गोळे टाकतो. वर्कशॉपमध्ये जन्म काढलेल्या माणसानं हे कसं सहन करावं?

ही झाली रणगाड्यांची अब्रू. क्रिकेटची तर त्याहून चव्हाट्यावर. ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७ आपल्याकडच्या पोरांनी इतका खेळला की डिस्कवर ओरखडे राहिले नाहीत, खाच पडली. त्यात इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे खेळाडू खऱ्या नावांनी, आणि परवाना नसल्यामुळे आपले सगळे मोडतोड केलेल्या नावांनी! ज्या जिल्ह्यानं श्रीरामपूरचा झहीर खान दिला आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे दिला, त्या जिल्ह्यातल्या पोरांनी भलत्याच आडनावांच्या भारताला वर्ल्डकप जिंकून द्यायचा? पुढं डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बिग अँटवाल्यांनी खेळाडू घरीच बनवायची सोय दिली. मग काय, रात्र रात्र जागून नाक, मिशी, बॅट धरायची ढब जुळवणं सुरू. खेळायला तो गेम सरस होता. दोन दांड्यांनी फलंदाजी करताना पाय कुठं न्यायचा हेही ठरवावं लागायचं, नुसतं बटण दाबून षटकार नाही. पण पूर्ण पैसे मोजून वर संघही आपणच घडवायचा, ही कुठली रीत?

आणि अपुरा माल विकायची तर आता लाजही वाटत नाही कुणाला. १० डिसेंबर २०२० ला सायबरपंक २०७७ आला. जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो इतका अडखळत, कोसळत चालला की आठवड्याभरात सोनीनं आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. पुन्हा विक्रीला यायला जून २०२१ उजाडला. लग्नात अर्ध्या शिजलेल्या भाताची पंगत उठवली असती तर आपल्याकडं सोयरीक मोडली असती. इथं लोकांनी दुरुस्त झाल्यावर तोच गेम कौतुकानं परत घेतला.

पुण्याचं नाव काढायला नगरकराची जीभ जड होते, तरी काढते. नॉडिंग हेड्स ही पुण्याची मंडळी. त्यांचा राजी हा गेम २०२० मध्ये कन्सोलवर आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन घेऊन गेला. वाडे, गड, भिंतीवरची चित्रं, गोष्ट सांगायला साक्षात दुर्गा आणि विष्णू. देखणेपणाला नाव ठेवायला जागा नाही. मारामारी मात्र जरा ताठर, आणि शेवट असा तुटतो की वाटावं, कीर्तनकाराची गाडी सुटायची वेळ झाली. त्यात पुण्यात बनलेल्या गेमला आधी आवाज इंग्रजी, मग सुधारित आवृत्तीत हिंदी! पुणेकरांना कधी नव्हे तो भाषेचा अभिमान इथंच कसा आवरता आला?

जुन्या टीव्ही गेमचं नाव काढलं की सत्यनारायणातले ते जावईबापू हळवे होतात. जपानच्या फॅमिकॉमची ती चिनी नक्कल. कॅसेटवर छापलेलं "९९९९९९९ इन १", आत मोजून थोडेच गेम आणि पुढं तेच नाव बदलून. फसवणूक तेव्हाही होती, फक्त ती फुंकर मारून चालू करता यायची. मारिओ राक्षसाच्या किल्ल्यात पोचला की लोडशेडिंग, आणि पुन्हा पहिल्यापासून. पण कॉन्ट्रातला तो धबधबा आठवतो? दोघं मिळून वर चढायचं; एक घाईनं चढला की पडदा वर सरकतो आणि खालचा भाऊ फुकट मरतो. त्यावरून जी भांडणं झाली तेवढी वाटणीवरून झाली नसतील. दोन रिमोट डब्यातच यायचे. आता पंधरा टन उसाच्या खोक्यात रिमोट एकच. दुसरा घ्या वेगळे पैसे मोजून, आणि घेतलात तरी कित्येक मोठे गेम एका टीव्हीवर दोघांना बसूच देत नाहीत. भावाशी खेळायचं तर भावानं आपल्या घरी दुसरा डबा घ्यायचा, वर इंटरनेटवर खेळायची वर्गणी भरायची. याच्यावर निघू द्या एखादा मोर्चा माळीवाड्यातून, मी पहिल्या रांगेत.

एका गोष्टीसाठी मात्र मी या डब्याची बाजू घेणार. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमी दिसतेय असा व्हिडिओ आपल्या कर्जत-जामखेडच्या रोहित पवारांनी गावभर केला. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेलं बंद करत होतो, असं कोकाटे सांगत राहिले. महिनाअखेर त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं कुठलं, तर क्रीडा! कन्सोलवर असली भानगड होणं अशक्य. त्याला टीव्ही लागतो, प्लग लागतो, दोन हात मोकळे लागतात, आणि सबंध सभागृहाला दिसतं की कोण हरतंय.