समोरची लाइव्ह येते

"काकू, राहू द्या ते कपडे, इकडे या जरा भिंतीपाशी. समोरच्या बंगल्यातली सून रोज रात्री साडेनऊला मोबाइलवर लाइव्ह येते, कळलं का?"

"अख्ख्या केडगावात बोभाटा झालाय, मला नाही कळणार? करते काय पण? गाते?"

"छे! भाकरी थापते. मोबाइल डब्याला टेकवलेला, तो मधेच घसरतो, मग दोन मिनिटं नुसतं छत दिसतं. तरी चाळीस-पन्नास जण बसलेले असतात."

"छताकडे बघत? आपल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, त्यांच्या 'आपली आजी' चॅनलवर निदान मसाला किती घालायचा ते तरी कळतं."

"त्यांचं आधी शूट केलेलं असतं हो. आज नाही तर उद्या बघा, मधे थांबवून फोडणी द्या. हिचं तसं नाही. आत्ता काय होईल ते हिलाच माहीत नसतं. परवा लाइट गेली, तर अंधारातच गप्पा! आणि 'ताई, पीठ सैल झालंय' असं मी लिहिलं, तर मान वर करून वाचलं की हो तिनं. 'खरंय वैनी' म्हणाली. माझं नाव घेतलं! मी आमच्या ह्यांना झोपेतून उठवून सांगितलं."

"म्हणजे तूही बसतेस तर."

"बघते अधूनमधून. सुप्याच्या एमआयडीसीत रात्रपाळीला निघालेला एक जण असतो, एक दुबईचा, पाथर्डीकडच्या एक मावशी. मावशी दोन दिवस दिसल्या नाहीत, तर हिच्याआधी त्या रात्रपाळीवाल्यानंच विचारलं, बरं नाही का म्हणून. भाकरीकडे लक्ष असतं कोणाचं?"

"आणि पैसे मिळतात ते?"

"हिला कुठले! मोठ्या चॅनलवाल्यांना सुपरचॅट असतं, 2017 मध्ये यूट्यूबनं आणलं. पैसे टाकले की आपली ओळ रंगीत होऊन वर राहते, आणि समोरचा नाव घेऊन आभार मानतो. शंभरातले तीस यूट्यूबचे."

"अगं, मग ही दौलतजादाच की! तमाशात नोट पुढे केली की माइकवरून गावासकट नाव घ्यायचे. पाटील खूश, शेजारच्याला चेव. स्वतःचं नाव ऐकायला रात्रभर हलायचे नाहीत मेले. आमच्या सासऱ्यांनी तर एकदा म्हशीचे आलेले पैसे... जाऊ दे, बापू गेले आता."

"बिगो लाइव्हवर हाच धंदा होता. गिफ्ट पाठवायचे, सगळ्यात जास्त कोणी दिलं त्याची यादी, त्यावरून चढाओढ. जून 2020 मध्ये टिकटॉकबरोबर सरकारनं तेही बंद केलं. पण सवय जाते होय? गेले सगळे यूट्यूबवर नाहीतर इन्स्टावर."

"आमचा नातू तेच धरून बसलाय. गेम खेळताना लाइव्ह जायचंय त्याला."

"कितीचा आता?"

"पंधरा पुरी झाली. दहावीला आहे."

"मग यूट्यूबवर एकट्याला नाही जाता येणार. आधी तेराला चालायचं, 22 जुलै 2025 पासून सोळा केलंय. त्याच्या आतला असेल तर सोबत मोठं माणूस दिसलं पाहिजे."

"म्हणजे मी बसू का, नऊवारी नेसून?"

"बसा की! गेम राहील बाजूला, लोक तुम्हालाच बघायला येतील."

"काही नको. दहावी होऊ दे आधी. मार्चपर्यंत तो मोबाइल माझ्या कपाटात."