बूटपरीक्षक

पूर्णेच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या सपाट, काळ्याभोर मुलखात, जिथे चढण म्हणून माणसाला ठाऊक असते ती बहुधा रेल्वेच्या पुलाची, तिथे डोंगरी बुटांचा पारखी निपजावा हे वरवर पाहता विसंगत वाटेल. परंतु उत्तरेच्या क्षितिजावर गाविलगडची रांग बारमाही दिसत असल्यामुळे म्हणा, किंवा उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला की चिखलदऱ्याचे नाव वऱ्हाडी माणसाच्या तोंडी आपोआप येते म्हणून म्हणा, अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत हा पुरुष विपुल आढळतो. तो बहुधा महसूल खात्यातून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला असतो, आणि ज्या सूक्ष्म संशयाने त्याने हयातभर सातबाऱ्यावरील नोंदी तपासल्या तोच संशय, आता दुसरे पात्र न उरल्यामुळे, तो पादत्राणांवर खर्च करतो.

अमरावतीच्या जवाहर रोडवर किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर तो दुकानात शिरतो तो नेहमी सायंकाळी, कारण दिवसभराच्या चालण्याने पाऊल किंचित सुजते आणि सकाळी नेमका बसलेला बूट गडाच्या उतरणीवर वैरी ठरतो, हा त्याचा सिद्धान्त आहे. आणि खिशात, भर वैशाखातही, लोकरीचे जाड मोजे असतात, कारण ज्या मोज्यांनिशी चालायचे त्यांखेरीज घेतलेले माप तो ग्राह्य धरीत नाही. मग पंचनामा सुरू होतो. प्रथम तो टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबतो. ती दबली तर दावा खारीज. नंतर दोन्ही टोके धरून बूट वाकवतो आणि तो बोटांच्या मुळाशी वाकतो की ऐन कमरेत मोडतो ते पाहतो. मग तो पिळतो, कारण खडकाच्या तिरप्या अंगावर जो बूट पिळला जातो तो घोट्यालाही पिळल्यावाचून राहत नाही. आणि जिनात आलेल्या कापसाचा धागा व्यापाऱ्याने चिमटीत ओढून पाहावा तसा तळाच्या कडेला नखाने ओढून, येथे शिवण आहे की निव्वळ डिंक आहे, याची खातरजमा करतो.

परंतु त्याची खरी विद्वत्ता प्रकट होते ती तळाच्या खाचांविषयी. आमची काळी माती पावसात फुगते आणि तळाला अशी बिलगते की शंभर पावलांत माणूस दोन इंचांनी उंच व्हावा. तेव्हा खाचा नुसत्या खोल असून भागत नाही, त्या एकमेकींपासून दूर असाव्या लागतात, म्हणजे माती चालता चालता गळून पडते. हे तो विक्रेत्या पोराला अत्यंत मार्दवाने समजावतो : “खाचा खोल हायेत, पन लई जवळजवळ हायेत, भाऊ. ह्याच्यात माती बसली का मंग निंगत नाई. हा बूट तुमी पुन्याले पाठवा.” पाणी अडवणाऱ्या अस्तराची तारीफ त्या पोराने केलीच, तर श्रावणातल्या सरीत पाणी बुटाच्या तोंडातून आत शिरते आणि मग ते अस्तर त्याला बाहेर जाऊ देत नाही, हे निदर्शनास आणून तो निकाल देतो : “हा बूट नाई, बाप्पा, हे तळं हाय.”

अशा गिऱ्हाइकाला दुकानदाराने वाटेला लावावे अशी वाचकाची अपेक्षा असेल. प्रत्यक्षात त्याला स्टूल आणि चहा मिळतो, कारण त्याचे प्रवचन ऐकायला जमलेल्यांपैकी दोघे-तिघे तरी काही घेतल्याखेरीज उठत नाहीत. तो स्वतः घेतो फक्त नाड्यांचा जोड.

चहा पोटात गेला की तो इतिहासात शिरतो. आल्प्स पर्वतात 1935 साली सहा सोबती गमावलेल्या विताले ब्रामानी नामक इटालियन गिर्यारोहकाने 1937 मध्ये खाचांचा रबरी तळ कसा सिद्ध केला, हे सांगताना त्याचा कंठ दाटतो. पण त्याचे लाडके प्रकरण घरचे आहे. आर्थर वेलस्लीने 29 नोव्हेंबर 1803 रोजी अडगावची लढाई जिंकली, 15 डिसेंबरला गाविलगड घेतला, आणि पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाल्यावर लंडनच्या होबी नामक कारागिराकडून त्याने जे बूट करवून घेतले ते त्याच्याच नावाने जगभर चालले. ह्यावरून, आपल्याला धड बूट नाहीत हा साक्षात्कार त्या सेनापतीला गाविलगडच्या पायथ्याशीच झाला असला पाहिजे, असे आमच्या परीक्षकाचे अनुमान आहे. अनुमानाला पुरावा शून्य, आणि गडावर मुख्य हल्ल्याचे कष्ट त्याच्या जोडीच्या स्टीव्हन्सनच्या फौजेने उपसले ही अडचण वेगळीच. तथापि मला ते खोडवत नाही, कारण वऱ्हाडच्या दगडधोंड्यांना इतका मोठा मान दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

हा मनुष्य केवळ वाचीवीर असता तर त्याचे चित्र येथेच पुरे झाले असते. पण तो चालतो. अकोट, पोपटखेड, शहानूर करीत नरनाळ्याच्या किल्ल्यावर निघालेल्या मंडळींत तो असतोच, दोनदा तळ बदललेल्या आपल्या जुनाट बुटांत, आणि पाठपिशवीत सुतळीचे एक बंडल घेऊन. सुतळी स्वतःसाठी नव्हे. एका पावसाळ्यात महाकाली दरवाजाच्या अलीकडे एका तरुणाच्या भारी किमतीच्या, अनेक वर्षे खोक्यात जपून ठेवलेल्या कोऱ्या बुटाचा तळ एकाएकी सुटून मागेच राहिला. तळातला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने आपोआप कुजतो, न वापरता ठेवला तर अधिकच, हे परीक्षकाने त्याला पायथ्याशीच बजावले होते. तरी आता त्याच्या मुद्रेवर विजयाचा लवलेशही नव्हता. त्याने गुडघे टेकून त्या पायाला सुतळीचे आडवेतिडवे वेढे दिले, इतके नेटके की पोरगा संध्याकाळी स्वतःच्या पायांनी शहानूरला उतरला.

तेथे मात्र त्याने तो सुटलेला तळ विनयपूर्वक मागून घेतला. त्याच्या घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत असे पुष्कळ तळ आहेत, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली : स्थळ, तारीख, हवामान, सुटण्याचे कारण. नव्या मुद्देमालाची चिठ्ठी त्याने चहाच्या टपरीवरच लिहून काढली, शेजारच्या दोघांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि खाली पंच म्हणून त्यांच्या व फिर्यादी म्हणून त्या तरुणाच्या सह्या घेतल्या.