खालून वर नटणारा

बहुतेक माणसं अंगात कपडे चढवतात आणि मग पायात काहीतरी सरकवून घराबाहेर पडतात. आमच्या सोसायटीतल्या जोडेपारख्याचं नेमकं उलट. तो आधी बूट ठरवतो, मग बुटांना शोभतील असे मोजे, मोज्यांना शोभेल अशी पँट, आणि अशी मजल दरमजल करत गळ्यापर्यंत येतो. तोवर कंपनीची बस सुटायची वेळ होते, त्यामुळे दाढी बरेचदा राहून जाते.

वय तिशीच्या आसपास, नोकरी हिंजवडीत, मुक्काम आईवडिलांबरोबर कोथरूडला. वहाणेची जागा पायात, अशी आपल्याकडची जुनी समजूत. याच्याकडे ती जागा कपाटात आहे, आणि तीही वरच्या कप्प्यात. पूर्वी तिथे आईची पैठणी असायची. आता खोकी आहेत. प्रत्येक खोक्यावर आतल्या बुटाचा फोटो, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या. पैठणीच्या नशिबी कधी डांबराच्या दोन गोळ्यांपलीकडे काही आलं नव्हतं.

रोज सकाळी दारात एक छोटी सभा भरते. “आई, या जीन्सवर पांढरे घालू की गम सोलवाले?” आई हातात पोह्यांची बशी घेऊन उभी. “जे पायात जातील ते घाल. पोहे गार होतायत.” मग तो बाबांकडे वळतो. बाबा पेपरातून डोकं वर न काढता “पांढरे” म्हणतात. काल ते पेपर न वाचतासुद्धा “पांढरे”च म्हणाले होते, त्यामुळे त्यांचं मत धरलं जात नाही.

त्याचं शास्त्र मात्र पक्कं आहे. साधे पांढरे चामडी स्नीकर्स कशावरही चालतात, अगदी ऑफिसच्या पँटवरही. अट एकच, ते पांढरे हवेत, पांढरट नव्हेत. पातळ तळाचे, जुन्या वळणाचे बूट सरळ पँटवर. जाड तळाचे ढब्बे बूट ढगळ जीन्सवर, कारण निमुळत्या पँटखाली ते घातले की माणूस दोन होड्यांवर पाय ठेवून उभा असल्यासारखा दिसतो. बुटावर एखादा भडक रंग असला तर तो वर कुठेतरी एकदाच दिसावा, घड्याळाच्या पट्ट्यात किंवा टोपीवर. दोनदा दिसला की गणवेश झाला. आणि धावायचे बूट फक्त धावायला. कुर्त्याखाली धावायचे बूट घालणाऱ्यांशी तो बोलतो, पण मोकळेपणाने नाही.

स्वतः तो धावत नाही. टेनिसच्या बुटात टेनिस नाही, बास्केटबॉलच्या बुटात बास्केटबॉल नाही. पण प्रत्येक बुटाची कुळकथा तोंडपाठ. हा पांढरा बूट स्टॅन स्मिथच्या नावाचा. स्मिथ म्हणजे १९७२चा विम्बल्डन विजेता. त्याआधी हाच बूट एका फ्रेंच खेळाडूच्या नावावर होता, मग सातबाऱ्यावरचं नाव बदललं. हा सांबा. मूळचा गोठलेल्या मैदानावर फुटबॉलपटूंचे पाय घसरू नयेत म्हणून केलेला. पुण्यात बर्फ पडत नाही हे त्याला मान्य आहे, पण जिना पुसलेला असतो, असं त्याचं म्हणणं.

त्याची सर्वांत लाडकी गोष्ट डासलर बंधूंची. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख या गावात दोन भाऊ मिळून बूट बनवत. दोघांचं बिनसलं. रुडॉल्फने १९४८ साली नदीपलीकडे प्यूमा काढली, आडॉल्फने १९४९ साली आदिदास. गाव असं दुभंगलं, की समोरच्याशी बोलण्याआधी लोक त्याच्या पायांकडे बघायचे. हे ऐकून बाबांनी पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला. “आमच्या काकांनी आयुष्यभर बांध कोरला. त्यातून एक चप्पलसुद्धा निघाली नाही,” ते म्हणाले.

बाबांची स्वतःची परंपरा निराळी. शाळेत बाटाचे पांढरे कॅनव्हासचे बूट, शनिवारच्या कवायतीआधी त्यांवर खडू फासलेला. पुढे कोल्हापुरी, ती लेंग्यावर, पँटवर, लग्नात, मयतीला, सगळीकडे एकच. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बाबांना काही विशेष वाटलं नाही. पण २०२५ साली मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये तिच्यासारख्याच सँडल्स चालून गेल्या आणि त्यावरून गदारोळ झाला, तेव्हापासून ते घरात फार असह्य झाले आहेत. जिन्यात भेटले की आधी पाय पुढे करतात.

जोडेपारख्याची चाल दुरूनही ओळखू येते. बुटाच्या नाकावर घडी पडू नये म्हणून तो टाच आणि चवडा एकाच वेळी टेकवतो. नवीन शेजाऱ्यांना वाटलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांनी आपुलकीने डॉक्टरचं नाव विचारलं. स्वेडचे बूट जून लागला की घरीच बसतात. पांढरे तळ उन्हात पिवळे पडतात, म्हणून रिकामी जागा असली तरी तो सावलीच्या बाजूनेच चालतो. जपणुकीलाही नशीब लागतंच. न वापरता ठेवलेल्या बुटाचा पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत खचत जातो. असाच एक वर्षानुवर्षं राखून ठेवलेला जोड त्याने चिपळूणला मावसभावाच्या लग्नात प्रथमच काढला. वरात दारी पोचेपर्यंत तळाचा भुगा झाला होता. आत्याने मागून निमूट केरसुणी फिरवली.

त्याची खरी अडचण मात्र वेगळी आहे. बूट घालून दिवाणखान्यात बसतात अशा लोकांनी हे शास्त्र रचलं. आपल्याकडे ज्या ज्या ठिकाणी चार माणसं नीट निरखून बघतात, तिथे तिथे बूट दाराबाहेर. देवळात बाहेर, पूजेला बाहेर, हळदीकुंकवाच्या घरी बाहेर, मुलगी बघायला गेलं तरी बाहेर. पायथ्यापासून रचत आणलेला सगळा इमला उंबऱ्याशी येतो आणि पायाच काढून ठेवावा लागतो. आत जाते ती घोट्याच्या वर चढवलेली पँट आणि न दिसण्यासाठीच घेतलेले, आता फक्त तेच दिसणारे आखूड मोजे.

यावर त्याने तोडगा काढला. सत्यनारायणाला तो आत येतच नाही. दारातच बूट घालून उभा राहतो आणि तीर्थप्रसाद तिथेच मागून घेतो. “किती विनयशील मुलगा, कुठे पुढे पुढे करत नाही,” असं आजीमंडळी म्हणू लागली. कीर्ती वाढत गेली आणि यंदाच्या माघी गणपतीत कमिटीने चपलांवर लक्ष ठेवायचं काम एकमताने त्याच्याकडे दिलं.

त्याने ते मनापासून केलं. आरती संपेपर्यंत अख्खा ढीग रंगवार लावून झाला होता. लोक बाहेर आले तसा तो एकेकाला आपादमस्तक न्याहाळून हातात जोड देऊ लागला. तळमजल्यावरचे आजोबा पायांकडे बघत घुटमळले.

“बाळा, या माझ्या नाहीत रे.”

“माहितीये आजोबा. पण या झब्ब्यावर तुमच्या काळ्या अजिबात जात नव्हत्या. त्या मी सेक्रेटरीकाकांना दिल्या.”